विथ की विदाऊट?

हॉस्टेलच्या पार्टीचा मेनू सांगायला ज्योतिषी लागत नाही. वेफर्स, समोसे, केक, कोल्ड्रिंक, आणि वर्गणी बरी जमली असेल तर पिझ्झा. पिझ्झा आला की पहिल्या पाच मिनिटांत नॉनव्हेजवाल्या मुली व्हेज पिझ्झासुद्धा फस्त करतात आणि व्हेजवाल्या मुली रिकाम्या खोक्याकडे बघत बसतात. हा निसर्गनियमच आहे, थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमाइतका पक्का. त्याविरुद्ध तक्रार करून उपयोग नाही.

यंदा मात्र आमच्या मजल्यावर एक नवीनच पदार्थ चर्चेला आला. माझी मावसबहीण फिलाडेल्फियाला एमएस करते. तिने फोटो पाठवला: काळ्याभोर बिडाच्या भांड्यात खदखदणारं चीज, त्यात मांसाचे पातळ पातळ काप, कांदा, ढोबळी मिरची आणि भोवताली भाजलेल्या ब्रेडच्या चकत्या. नाव फिली चीजस्टेक डिप. फोटो बघून मजल्यावर ताबडतोब दोन पक्ष पडले. एक म्हणे, हेच करायचं, जसंच्या तसं, मटेरियल बदलायचं नाही. दुसरा म्हणे, असलं काही आपल्या पॅन्ट्रीत शिजणार असेल तर आम्ही पार्टीला येणार नाही. आणि एक मुलगी काहीच बोलली नाही. ती जैन आहे. पार्टी असली की केक कापेपर्यंत टाळ्या वाजवते आणि मग "जर्नल राहिलंय गं" म्हणून रूमवर जाऊन खाकरा खाते. सबमिशन नसलं तरी तिचं जर्नल राहिलेलंच असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांनी सरळ स्पोर्ट्सच्या पानाकडे वळावं. डिप करायचंच. पण मांस आणि कांदा चीजमध्ये मिसळायचा नाही, बाजूला ठेवायचा. आणि हे मी कोणाची मर्जी राखायला म्हणत नाहीये. पदार्थ म्हणूनही ते जास्त चांगलं लागतं आणि त्याच्या मूळ गावाची रीतही तीच आहे.

मूळ गावाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३० च्या सुमाराला दक्षिण फिलाडेल्फियात पॅट आणि हॅरी ऑलिव्हिएरी या दोन इटालियन वंशाच्या भावांची हॉट डॉगची गाडी होती. एक दिवस रोजच्या हॉट डॉगचा कंटाळा आला म्हणून पॅटने खाटकाकडून गोमांस आणलं, पातळ चिरलं, कांद्याबरोबर परतलं आणि पावात घातलं. तेवढ्यात एक टॅक्सीवाला आला, त्याला वास आला, आणि तो म्हणाला मलाही तेच दे. असं सांगतात, टॅक्सीवाल्याची साक्ष काढायला मी काही गेलेले नाही! पण आपल्या वडापावासारखीच ही कष्टकऱ्यांची, उभ्याउभ्या खायची वस्तू आहे हे नक्की. यात सुरुवातीला चीज नव्हतंच. ते नंतर आलं, आधी प्रोव्होलोन नावाचं इटालियन चीज आणि १९५० च्या दशकात क्राफ्ट कंपनीचं डब्यातलं पातळ 'चीज व्हिझ'. आज तिथे दोन्हीचे कट्टर भक्त आहेत. २००३ साली जॉन केरी नावाचे राष्ट्राध्यक्षपदाचे एक इच्छुक प्रचारासाठी तिथे गेले आणि त्यांनी स्विस चीज मागितलं, तर पेपरवाल्यांनी त्यांची जी खिल्ली उडवली ती अजून लोक विसरले नाहीत. पुणेकरांनी मिसळीवरून भांडावं तसं.

या दुकानांत ऑर्डर देण्याची एक पद्धत आहे. रांग मोठी असते, गल्ल्यावरच्या माणसाला वेळ नसतो. त्यामुळे गिऱ्हाइकाने दोन शब्दांत सांगायचं: चीज कुठलं आणि कांदा हवा की नको. कांदा हवा असेल तर 'विट', नको असेल तर 'विटाउट'. म्हणजे आपले विथ आणि विदाऊट, तिथल्या गल्लीच्या उच्चारात. (आपल्याकडे एखाद्या गोष्टीचा वीट येतो, तिथे विट म्हणजे कांद्यासकट!) ज्या पदार्थाच्या नावाने "मूळ रेसिपीला हात लावायचा नाही" म्हणून आमच्या मजल्यावर भांडण झालं, त्या पदार्थाच्या मूळ गावी पहिला प्रश्नच असतो, तुला काय घालू आणि काय वगळू. तिथे चिकनचं चीजस्टेक मिळतं, मश्रूम घातलेलं मिळतं. तेव्हा मुळाशी इमान राखायचं असेल तर तो प्रश्न विचारण्याशीच राखावं.

सँडविचचं डिप नंतर झालं. अमेरिकेत १९५० च्या दशकात घरोघर टीव्ही आला, लोक हॉलमध्ये बसून खायला लागले, आणि काटा-चमचा न लागणारा, एका वाडग्यातून दहा जणांना पुरणारा पदार्थ हवा झाला. १९५४ साली कॅलिफोर्नियात कोणीतरी आंबट साईत कांद्याच्या सूपची पावडर कालवली आणि ते डिप देशभर पसरलं. आज डिपचा सर्वांत मोठा सण म्हणजे सुपर बोल, त्यांच्या फुटबॉलची फायनल. फिलाडेल्फियाचा संघ, ईगल्स, ती २०१८ मध्ये पहिल्यांदा जिंकला आणि २०२५ मध्ये पुन्हा. ताई सांगते की त्या रात्री गावात झोपलं कोणीच नाही. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ असते आणि पहिलं लेक्चर असतं, त्यामुळे आपण त्या भानगडीत पडत नाही.

डिपची गंमत अशी की ते पुरवठ्याचं गणित आहे. अर्धा किलो मांस सँडविचमध्ये घातलं तर तीन-चार जण खातात. तेच चीजमध्ये घालून ब्रेडबरोबर ठेवलं तर पंधरा जण खातात. आपल्या आया पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवतात, तसंच. म्हणून महागड्या इंपोर्टेड चीजच्या बाता मारणाऱ्यांचं मला हसू येतं. ताईच्या रेसिपीत क्रीम चीज आहे, फिलाडेल्फिया ब्रँडचं. आता हे चीज फिलाडेल्फियाचं नाहीच! १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका दूधवाल्याने ते काढलं, आणि १८८० साली त्याला फिलाडेल्फिया हे नाव चिकटवलं, कारण त्या काळी त्या गावाच्या दुधा-लोण्याला भाव होता. तेव्हा 'ओरिजिनल'चा आग्रह धरणाऱ्यांनी जरा जपून.

आता इंजिनिअरिंग. मांस चीजमध्ये मिसळू नये हे मी का म्हणते?

चीज म्हणजे केसिन या प्रथिनाचं जाळं, त्यात अडकलेली चरबी आणि पाणी. या जाळ्याच्या गाठी कॅल्शियमने बांधलेल्या असतात. तापवलं की आधी चरबी पातळ होते, मग जाळं सैल होतं, आणि आपण म्हणतो वा, काय वितळलंय! पण आणखी तापवलं की प्रथिनं आक्रसतात, चरबी बाहेर ढकलतात, आणि वर तेलाचा तवंग नि खाली रबर अशी अवस्था होते. यावरचा उपाय १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये सापडला आणि अमेरिकेत जेम्स क्राफ्टने १९१६ मध्ये त्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं: प्रोसेस्ड चीज. स्विस लोकांनी चीज तापवताना त्यात सोडियम सायट्रेट घातलं. ते कॅल्शियमला खेचून घेतं, गाठी सुटतात, मोकळं झालेलं केसिन चरबीच्या प्रत्येक थेंबाला धरून ठेवतं आणि मिश्रण फुटत नाही. आपल्या चीज क्यूबच्या पाकिटामागे इमल्सिफायर लिहिलेलं असतं ते हेच काम करतं. ३३१ असा आकडा दिसला तर ते सोडियम सायट्रेट समजावं. लोक प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडतात, पण ते रीतसर डिझाइन केलेलं मटेरियल आहे, आणि डिपसाठी त्याच्याइतकं विश्वासू दुसरं नाही.

आता या नाजूक संसारात तुम्ही कच्चं मांस, कांदा आणि ढोबळी मिरची घातली की काय होतं? तिघांनाही पाणी सुटतं. डिप पातळ होतं, ब्रेड भिजून गळून पडतो. शिवाय मांसाला जो खमंग तपकिरी रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांच्या वर येतो. पाणी असेपर्यंत भांडं १०० च्या पुढे सरकत नाही. म्हणजे चीजमध्ये शिजवलेलं मांस हे उकडलेलं मांस. अमेरिकन रेसिपीतही मांस आधी वेगळं परतूनच घेतात, मग मिसळतात. मी एवढंच म्हणते की परतून झाल्यावर ते तिथेच थांबवा. शेवटचं ढवळणं तेवढं वगळा.

मांसाबद्दल. मूळ डिप गोमांसाचं, रिबआय नावाच्या चरबीच्या तुकड्याचं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आहेच, आणि २०१५ पासून बैल-वळूंचाही त्यात समावेश झाला. त्यामुळे हॉस्टेलच्या पॅन्ट्रीत तो प्रश्न उद्भवत नाही. चिकन घ्यावं. ते पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवून अर्धवट कडक करावं, म्हणजे सुरीने कागदासारखे काप निघतात. धाग्यांना आडवं कापायचं, नाहीतर चावताना जबड्याची फटीग टेस्ट होते. (फ्रीजर मेसचा आहे, काकांना विचारून आणि डबा बंद करून. रेक्टर मॅडम, रूममध्ये कोणाकडेही इंडक्शन नाही, ही सगळी चर्चा पॅन्ट्रीतल्या अधिकृत शेगडीची आहे.)

वीस जणींसाठी माझा हिशोब असा. पन्नास ग्रॅम लोण्यावर पन्नास ग्रॅम मैदा मंद भाजायचा, रंग बदलू द्यायचा नाही. त्यात पाऊण लिटर दूध थोडं थोडं घालत घोटायचं. दाट झालं की बारा चीज क्यूब किसून आणि दोनशे ग्रॅम मोझरेला, गॅस अगदी बारीक करून. उकळू द्यायचं नाही, एवढं एक पाळलं की बाकी सगळं क्षम्य आहे. मोझरेला तार सुटायला, क्यूब मिश्रण एकसंध ठेवायला. गॅस बंद करून दोनशे ग्रॅम चक्का. हो, श्रीखंडाचाच, साखर घालण्याआधीचा. क्रीम चीजचा आंबटपणा यातून येतो आणि पैसे तिसऱ्या हिश्शाने लागतात. मिरपूड. मीठ आधी चाखून, कारण चीज खारटच असतं. हा झाला पांढरा पाया, यात कांदा नाही, लसूण नाही, मांस नाही. मग दुसऱ्या भांड्यात चार ढोबळ्या मिरच्या मोठ्या आचेवर. मग चार कांदे. सगळ्यांत शेवटी पाऊण किलो चिकन, गर्दी न करता तीन हप्त्यांत, आतला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत. हा क्रम महत्त्वाचा आहे. उलटा केला तर एकच कढई धुऊन पुसून पुन्हा शपथा घेत बसावं लागतं.

ठेवायचं बिडाच्या कढईत. हीट ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला जे शिकतो ते इथे कामी येतं. बीड जड असतं, उष्णता धरून ठेवतं, आणि कढई जितकी खोल तितका वरचा पृष्ठभाग कमी, तितकं डिप उशिरा गार होतं. स्टीलच्या पसरट थाळ्यात ओतलंत तर दहा मिनिटांत वर साय आणि पंधरा मिनिटांत प्लास्टर.

आता आमच्या पहिल्या पक्षाचा आक्षेप: "मग ते डिप कसलं? डिप म्हणजे सगळ्यांनी एकाच वाडग्यात बुडवायचं." यावर मला आपल्या भाषेची आठवण करून द्यायची आहे. मी कॉन्व्हेंटात वाढले, शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता, त्यामुळे कित्येक गोष्टी मला आधी इंग्रजीत समजल्या आणि मग मराठीत. चावलेला ब्रेड परत वाडग्यात बुडवण्याला इंग्रजीत 'डबल डिपिंग' म्हणतात. त्यावर अमेरिकेत १९९३ साली एका टीव्ही मालिकेत अख्खं भांडण दाखवलं, आणि क्लेम्सन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोगशाळेत मोजमाप केलं, की चावलेला तुकडा बुडवल्याने जंतू वाडग्यात जातात का. (जातात.) आणि आजीकडे यासाठी एकच शब्द होता: उष्टं! अडीच अक्षरांत रिसर्च पेपर. तेव्हा कढईत पळी ठेवावी, प्रत्येकीने आपल्या द्रोणात थोडं थोडं घ्यावं, वर आपल्याला हवं ते घालावं आणि आपल्या द्रोणात हवं तितक्यांदा बुडवावं. द्रोणात ते पटकन गार होतं, म्हणून थोडंच घ्यायचं आणि परत यायचं. कढईभोवतीची गर्दी कमी होत नाही, उलट वाढते.

दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द. "नॉनव्हेज असेल तर आम्ही येणारच नाही" हे मला पटत नाही. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत मेसची काही टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखली, त्याचा निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. ज्याला जे खायचं नाही ते त्याच्या ताटात पडू नये, हा हक्क शंभर टक्के मान्य. पण शेजारच्याच्या ताटात काय पडावं हे ठरवण्याचा हक्क त्यातून निघत नाही. टेबलं वेगळी केली की चमचे वेगळे ठेवायची जबाबदारी कोणावरच राहत नाही, सोपं जातं. मला चमचे वेगळे ठेवण्याची कटकट जास्त आवडते.

फिलाडेल्फिया म्हटलं की खरं तर आपल्याला चीजच्या आधी आनंदीबाई जोशी आठवायला हव्यात. १८८६ साली तिथल्याच महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. निघण्याआधी, १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगरच्या नव्हे) भाषणात त्यांनी आपली राहणी आणि आहार न बदलता तिथे राहीन असं जाहीर सांगितलं होतं. तेव्हा त्या आपल्या फर्स्ट इयरच्या मुलींपेक्षा लहान होत्या. परक्या गावी, परक्या थंडीत, समोरच्या भांड्यातलं आपल्याला चालणार का हा प्रश्न त्यांना रोज पडत असणार. परत आल्यावर वर्षभरही जगल्या नाहीत, बावीसही पूर्ण नव्हती. आमच्या मजल्यावरच्या मुलीला थंडी नाही आणि समुद्र ओलांडायचा नाही. पण बाकीच्या हसताना ऐकत बंद दाराआड खाकरा खाणं हे काही सुख नव्हे.

मशीन डिझाइनला आपण सरासरी लोडवर डिझाइन करत नाही, सर्वांत वाईट लोडवर करतो. पार्टीचा मेनूही तिथूनच सुरू करायला हवा, जिला सर्वांत कमी गोष्टी चालतात तिच्यापासून. तिच्यासाठी वेगळी प्लेट करून कोपऱ्यात झाकून ठेवणं म्हणजे डिझाइन नव्हे, ती वेल्डिंग करून मारलेली पट्टी. पाया सगळ्यांचा एक असावा आणि वरचं ज्याचं त्याचं.

मी तिला जाऊन विचारलं, विथ की विदाऊट? ती आधी हसली. मग म्हणाली, "कांदा-लसूण नको, चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका हवा, आणि चिकनचा चमचा कढईत गेलेला नसेल तर मी खाईन. आणि प्लीज, आठच्या ऐवजी सहाला ठेवता येईल का? पर्युषण नसलं तरी मी अंधार पडल्यावर शक्यतो खात नाही." हॉस्टेलात हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारतंय असंही म्हणाली. चार अटी झाल्या, त्यातल्या तीन फुकट आहेत आणि चौथीसाठी फक्त घड्याळ पुढे घ्यायचंय.

तेव्हा मेस कमिटी आणि कल्चरल सेक्रेटरींना विनंती: फेअरवेल सहाला. बिडाची कढई मेसच्या मावशींकडे आहे, त्या देतो म्हणाल्यात, पण साबणाने घासायची नाही आणि धुतल्यावर तेलाचा हात लावून परत द्यायची. पळ्या तीन हव्यात, चिकनच्या पळीला लाल दोरा. पाव तीस, प्रत्येकाचे चार उभे तुकडे, तव्यावर कोरडे भाजून. ते आदल्या दिवशीचेच घ्या, ताजा पाव डिपमध्ये वाकतो.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल